आमसुली मागवली, वांगी आली: साडीवालीने निवडलेली स्क्रीन

"ताई, मी आमसुली मागवली होती. तुम्ही वांगी पाठवलीत."

कोथरूडच्या एका बाईंचा हा फोन आला तेव्हा गॅसवर दूध होतं. दूध तेव्हाच उतू गेलं, साडी चार दिवसांनी परत आली. घडी उलगडून खिडकीत धरली तर आमसुलीच होती. भिजत घातलेल्या आमसुलाच्या सालीचा जो काळपट, तांबूस, जांभळट रंग असतो, तंतोतंत तोच. मग त्यांना पाठवलेला फोटो लेकीच्या मोबाइलवर उघडून पाहिला आणि माझंच तोंड उतरलं. फोटोतली साडी चांगली लाल, जवळजवळ डाळिंबी दिसत होती. त्या फोटोच्या मानाने खरी साडी वांगीच म्हणायची. बाईंचं काही चुकलं नव्हतं.

चूक अशी झाली की माझ्या लॅपटॉपवर तो फोटो मातकट दिसत होता, म्हणून मीच त्यातला लाल वाढवला होता. लॅपटॉपला लाल दाखवता येत नाही हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. माझ्या स्क्रीनवर वाढवूनसुद्धा जेमतेम दिसला, त्यांच्या मोबाइलवर सगळाच्या सगळा पोचला.

मी नारायण पेठेत राहते आणि घरूनच हातमागाच्या साड्या विकते. इरकल, खण, थोड्या पैठण्या, आणि नारायणपेठी. (नाही, नारायणपेठी साडी आमच्या पेठेत विणत नाहीत. ते नारायणपेट तेलंगणात आहे. तरी वर्षाला दोघीतिघी तरी "माग बघायला येऊ का?" असं विचारतातच.) २०२४ च्या श्रावणात ३८ साड्या कुरिअरने गेल्या, ७ परत आल्या, त्यातल्या ५ रंगावरून. जाण्यायेण्याचं कुरिअर माझ्या खिशातून. म्हणून त्या दसऱ्याला नवीन स्क्रीन घ्यायची ठरवली, आणि ती निवडायला मला जवळजवळ महिना लागला. घेतला तो ११ इंची आयपॅड एअर, एम२ चिपवाला. वर्ष झालं वापरून. चिप किती पळते, बॅटरी किती टिकते, ते इथे सापडणार नाही. मला त्यातलं काही कळत नाही. रंग कळतो.

आधी जुन्या लॅपटॉपबद्दल, कारण तुमच्यापैकी निम्म्यांकडे तसाच असणार. कंपनीचं नाव घेत नाही, स्वस्तातल्या लॅपटॉपांत बऱ्याच कंपन्या असलाच पॅनेल घालतात. माहितीपत्रकात सगळ्यात खाली, मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलेलं होतं: ४५ टक्के एनटीएससी. एनटीएससी म्हणजे अमेरिकेने १९५३ साली रंगीत टीव्हीसाठी ठरवलेलं रंगांचं माप. आज आपण बहुतेक सगळं बघतो ते एसआरजीबी नावाच्या मापात. एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी ते १९९६ मध्ये काढलं. एसआरजीबी हे जुन्या एनटीएससीच्या साधारण ७२ टक्के भरतं. आता ४५ ला ७२ ने भागा. माझा लॅपटॉप रुपयातले दहा आणे रंग दाखवत होता, आणि उरलेले सहा आणे कुठे गेले हे मला गिऱ्हाइकं फोन करून सांगत होती.

हे सहा आणे सगळ्या रंगांतून सारखे कापले जात नाहीत, हे महत्त्वाचं. फिकट रंगांना काही होत नाही. श्रीखंडी, मोतिया, राखी, अबोली हे सगळे दहा आण्यांत मावतात. कापले जातात ते भडक, गडद, रसरशीत रंग, म्हणजे नेमके आपल्या साड्यांचे. कुंकवाचा लाल टोमॅटोसारखा होतो. राणी रंग धुवट गुलाबी होतो. म्हणून दुकानात जाऊन फिकट वॉलपेपर बघून "छान आहे स्क्रीन" म्हणण्यात अर्थ नाही.

त्यात त्याचा कोन. खुर्चीत बसून बघितलं तर आमसुली, उठून उभं राहिलं तर चॉकलेटी, आणि स्क्रीन मागे ढकलली तर काहीतरी तिसरंच. टीएन जातीच्या पॅनेलचं हे जुनं दुखणं. आयपीएस पॅनेलमध्ये हा त्रास फार कमी असतो. दुकानात बघायला सोपं आहे: एखादा गडद फोटो लावा, बसा, उठा, डावीकडे सरका. लोक वेड्यासारखं बघतील. बघू देत.

तर दुकानं. मी तयारीनिशी गेले होते. कापडी पिशवीत सहा तुकडे: डाळिंबी, राणी, मोरपंखी, आमसुली, श्रीखंडी आणि चंद्रकळेचा काळा. सगळे साडीला लागून आलेल्या ब्लाउजपीसमधून हातभर कापलेले. लेकीच्या आयफोनवर काढलेले त्यांचेच फोटो, पेनड्राइव्हवर आणि ड्राइव्हवरही. शिवाय आमच्या ह्यांनी करून दिलेली एक करड्या रंगाची पट्टी, डावीकडे काळी आणि हळूहळू होत उजवीकडे पांढरी. ह्यांनी तीस वर्षं ऑफसेट छपाईत काढली आहेत. ते म्हणाले, "रंग नंतर बघ, आधी करडा बघ. करड्यात गुलाबी किंवा हिरवट झाक आली की ते यंत्र खोटं."

करड्या पट्टीचा खरंच उपयोग होतो. जुन्या लॅपटॉपवर ती पट्टी जिन्यासारखी दिसायची, पायरी-पायरीने. मला वाटायचं ह्यांनी नीट केलेली नाही. नंतर कळलं की स्वस्त पॅनेलमध्ये प्रत्येक रंगाच्या ६४ च पायऱ्या असतात, म्हणजे एकूण २ लाख ६२ हजार रंग, आणि मधल्या छटा लुकलुकवून भासवायच्या. चांगल्या पॅनेलला २५६ पायऱ्या, १ कोटी ६७ लाख रंग. पैठणीच्या घडीवर सावली जिथे हळूहळू गडद होते तिथे हा फरक दिसतो. स्वस्त स्क्रीनवर त्या सावलीला पट्टे पडतात आणि साडी डागाळल्यासारखी वाटते.

विमाननगरच्या मॉलमधल्या एका मोठ्या दुकानात आधी गेले. तिथे प्रत्येक स्क्रीनवर पोपट. पोपट नसेल तर लाव्हा, लाव्हा नसेल तर पाण्यात पडणारी संत्री. पोपटाच्या पंखाचा हिरवा खरा किती हिरवा असतो हे आपल्यापैकी कुणाला माहीत आहे? म्हणून तर पोपट लावतात. मी तिथल्या मुलाला म्हटलं, "बाळा, हा पोपट बंद कर आणि माझे फोटो लाव." तो म्हणाला, "मॅडम, यात एकशेवीस हर्ट्झ आहे." मी पिशवीतून राणी रंगाचा तुकडा काढला आणि स्क्रीनशेजारी धरला. त्यानंतर तो हर्ट्झबद्दल बोलला नाही, उलट त्यालाच मजा वाटायला लागली आणि पुढच्या चार लॅपटॉपांवर त्याने आपणहून तुकडे धरले.

तिथे एक सोळा इंची ओलेड लॅपटॉप फार आवडला होता. चंद्रकळेचा काळा जो दिसला तो बघतच राहिले. साध्या एलसीडी स्क्रीनला मागून दिवा असतो, त्यामुळे काळा म्हणजे अंधारात जरासा राखाडी उजळलेला काळा. ओलेडमध्ये प्रत्येक ठिपका स्वतःचा उजेड देतो आणि काळा दाखवायचा असेल तर विझतो. संक्रांतीच्या चंद्रकळेवरचे पांढरे ठिपके खड्यांसारखे उठून आले. पण राणी रंगाने घात केला. तुकड्याशेजारी स्क्रीनवरची राणी ओरडत होती, जणू लाउडस्पीकर लावलाय. सेटिंगमध्ये शोधल्यावर समजलं की तो 'व्हिव्हिड' वर ठेवलेला आहे. एसआरजीबी निवडल्यावर राणी शहाण्यासारखी वागायला लागली. तेव्हा ओलेड भडकच असतं असा समज करून घेऊ नका, दुकानवाले ते भडक करून ठेवतात. मी तो घेतला नाही कारण कर्वे रोडच्या हॉलमधल्या प्रदर्शनांना मला साड्यांचे दोन गठ्ठे घेऊन रिक्षाने जायचं असतं आणि तिसऱ्या हाताची सोय देवाने केलेली नाही.

आणखी एक. मॉलमधला तो उजेड आपल्या घरात नसतो. लक्ष्मी रोडवर साडी घेणारी कुठलीही बाई, दुकानात कितीही दिवे असोत, साडी उचलून पायरीवर नेते आणि म्हणते, "उजेडात बघू." आपल्या आज्यांनाही हे कळत होतं. ट्यूबलाइटखाली जुळलेला ब्लाउजपीस उन्हात वेगळाच दिसतो हा अनुभव कुणाला नाही? दोन कापडांचे रंग वेगवेगळ्या द्रव्यांतून आलेले असतात, एका उजेडात एकसारखे दिसतात आणि दुसऱ्या उजेडात फारकत घेतात. ह्यांच्या छापखान्यात प्रूफ बघायला वेगळं टेबल होतं, त्यावर ५००० केल्विनच्या, म्हणजे दिवसाच्या उजेडासारख्या पांढऱ्या, नळ्या. इतर कुठल्याही उजेडात बघून सही करायची नाही असा नियम. आपण मात्र साठ हजारांची वस्तू मॉलच्या झगमगाटात पसंत करतो.

म्हणून मी जी परीक्षा घेतली ती सांगते. मला वाटतं या सगळ्या लिखाणात कामाची गोष्ट हीच आहे.

आमच्या भागात एक मॅचिंग सेंटर आहे. दुकान म्हणजे दीड माणूस उभा राहील एवढी जागा, पण तिन्ही भिंती छतापर्यंत ब्लाउजपीसच्या गठ्ठ्यांनी भरलेल्या. नुसत्या लालाचेच तिथे पन्नास-साठ प्रकार निघतील. तिथले काका साडी बघतात, मान वळवतात, आणि न शोधता गठ्ठा ओढतात. मी जुना लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडे गेले. साडी आणलीच नाही. फक्त फोटो दाखवला आणि म्हटलं, "काका, याला मॅचिंग द्या."

काकांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग लॅपटॉपकडे. "साडी कुठंय?"

"साडी नाही. हेच."

गिऱ्हाईक नव्हतं, दुपारची वेळ, म्हणून तयार झाले. डाळिंबीचा फोटो बघून त्यांनी विटकरी काढला. राणीला फिकट गुलबक्षी. आमसुलीला चक्क कॉफी. मोरपंखीला शाळेच्या गणवेशासारखा निळा. सहापैकी बरोबर आला तो एकटा श्रीखंडी. काळ्याबद्दल म्हणाले, "काळ्याला कसलं आलंय मॅचिंग," पण मग स्वतःच तीन काळे काढून ठेवले, एक निळसर, एक तपकिरीकडे जाणारा, एक मधला, आणि म्हणाले, "तुमच्या या डब्यात तिन्ही एकच दिसतील."

त्यानंतर आठवड्याभराने एका ओळखीच्या मुलीचा आयपॅड एअर तासाभरासाठी मागून आणला आणि पुन्हा काकांपुढे ठेवला. खिडकीसमोर, दुपारी चारला, दिवा बंद. डाळिंबी बरोबर. राणी बरोबर, गठ्ठासुद्धा माझ्या तुकड्याचाच. श्रीखंडी बरोबर. आमसुली एक छटा उजळ. मोरपंखी चुकला, पण या वेळी निळ्याच्या दिशेने थोडासाच. तीन काळे? स्क्रीनवर दोन वेगळे ओळखू आले, तिसरा नाही. काका म्हणाले, "आता हा डबा शिकलाय जरा."

मध्येच त्यांनी एक शहाणपणाची गोष्ट सांगितली. एकटक बघत बसायचं नाही. लाल बघून बघून डोळा दमतो आणि पुढचा हिरवा आहे त्याहून हिरवा दिसतो. एकदा बघायचं, नजर करड्या फरशीकडे न्यायची, पुन्हा बघायचं. पहिल्या नजरेत जे वाटतं ते धरायचं. दुकानात स्क्रीन बघताना मी आता हेच करते.

आता प्रश्न पैशांचा. त्या दसऱ्याला साध्या आयपॅडची, म्हणजे दहाव्या पिढीच्या, जाहीर किंमत ३४,९०० होती आणि एअरची ५९,९००. मध्ये पंचवीस हजारांचं अंतर. दोन्ही स्क्रीन जवळपास तेवढ्याच मोठ्या, दोन्हींवर ५०० निट्सचा उजेड, ठिपकेही तेवढेच. फरक असा की साधा आयपॅड एसआरजीबीपर्यंत जातो आणि एअर पी३ पर्यंत. पी३ हे सिनेमावाल्यांचं माप, एसआरजीबीपेक्षा सुमारे पाव पट मोठं. आणि ही जास्तीची पाव कुठे आहे ते बघा: लालाकडे आणि हिरव्याकडे. निळ्याचं टोक दोन्हींचं एकच. म्हणजे चिंतामणी किंवा शाई रंगाच्या साड्या विकत असाल तर जास्तीचे पैसे मोजून फार काही पदरात पडणार नाही. डाळिंबी, केशरी, राणी, पोपटी विकत असाल तर पडतं. माझ्या मालात निम्म्याहून जास्त लालाच्या घरातलं, म्हणून मी मोजले.

दुसरा फरक काचेचा. साध्या आयपॅडमध्ये वरची काच आणि आतली स्क्रीन यांच्यात बारीक फट असते. एअरमध्ये दोन्ही एकमेकींना चिकटवलेल्या असतात आणि वर चकाकी कमी करणारा थर. खिडकीजवळ काम करणाऱ्याला हे जाणवतं. तरी काच ती काच. माझ्या पिवळ्या गाउनचं प्रतिबिंब पडून एक अख्खी मोरपंखी मी पोपटी समजले होते. फोटो तपासताना आता मी राखाडी शाल घेते. घरातले हसतात.

हे विकत घेण्याआधी एक समजून घ्या, नाहीतर पैसे वाया. फोटोतच तो रंग नसेल तर स्क्रीन कुठून आणणार? आयफोन २०१६ पासून पी३ मध्ये फोटो काढतात, म्हणून लेकीच्या फोनवरचे फोटो एअरवर पूर्ण खुलले. एसआरजीबीत काढलेला फोटो असेल तर दोन्ही आयपॅड सारखेच. आणि गिऱ्हाइकाला पाठवताना मी फोटो उलटा एसआरजीबीत करून पाठवते. एसआरजीबी म्हणजे प्रमाण मराठी. आपण घरात कुठलीही बोली बोलू, पत्र लिहिताना सगळ्यांना कळेल अशी भाषा लिहायची.

आता सेटिंग. आयपॅड घरी आणला त्या रात्री माझ्या सगळ्या साड्या पिवळ्या पडल्या होत्या. घाबरले. ते ट्रू टोन होतं. खोलीतल्या उजेडाप्रमाणे स्क्रीनचा पांढरा बदलत राहायचा ही त्याची कल्पना, आणि वाचायला ते खरंच सुखाचं आहे, कागदासारखं वाटतं. माझ्या देवघराशेजारच्या पिवळ्या दिव्याखाली त्याने पांढरा पिवळसर केला, एवढंच. रंगाचं काम करायचं तर डिस्प्ले अँड ब्राइटनेसमध्ये जाऊन ट्रू टोन बंद, रात्री स्क्रीन पिवळट करणारं नाइट शिफ्टही बंद. आपोआप कमीजास्त होणारा उजेडही मी बंद केला आणि साधारण दोन तृतीयांशावर कायमचा ठेवला. शेजारी कोरा पांढरा कागद ठेवून स्क्रीनवरच्या पांढऱ्याशी ताडून बघते. कागद आणि स्क्रीन सारख्याच उजळ वाटल्या की चालू.

पण सगळं खापर स्क्रीनवर फोडायचं नाही. माझ्या पाच परत आलेल्या साड्यांपैकी दोन तरी कॅमेऱ्याने घालवल्या. लाल साडीने अख्खी चौकट भरली की कॅमेऱ्याला वाटतं उजेडच लाल आहे, आणि तो लाल कमी करतो. आता प्रत्येक फोटोत कोपऱ्यात पांढऱ्या कागदाचा तुकडा ठेवते, नंतर त्या कागदाला पांढरा करून घेते आणि कोपरा कापून टाकते. फोटो उत्तरेच्या खिडकीतच, सकाळी दहा ते बारा. आषाढात आमच्या वाड्याच्या चौकात ढगाळ निळसर उजेड येतो, त्या दिवशी फोटो काढतच नाही.

आता जे कुठल्याच स्क्रीनला जमत नाही ते. धूपछाव साडी. ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या रंगाचा, आणि अंगावर हलली की रंग पालटतो. फोटोत एकच क्षण गोठतो. अशा साडीचा मी आता दहा सेकंदांचा व्हिडिओ पाठवते, पदर हातात घेऊन हलवलेला. दुसरी गोष्ट जरीची. सोनेरी हा रंग नाहीच, ती चमक आहे, आणि स्क्रीनवर ती मोहरीच्या तेलासारखी दिसते. खणाच्या बारीक बुट्ट्या फोटो लहान केला की लाटांसारख्या हलतात, गिऱ्हाइकाला वाटतं कापड विरलंय. फोटो मोठा करून बघितला की लाटा जातात. आणि मोरपंखी. ह्यांनी सांगितलं की छपाईतला शुद्ध सायन, म्हणजे हिरवट निळ्या शाईचा रंगसुद्धा एसआरजीबीत मावत नाही, तर मोराचं काय घेऊन बसलीस. हिरवा आणि निळा यांच्या मधला तो प्रदेश सगळ्याच स्क्रीन्सना कच्चा. मी मोरपंखी साडीखाली आता स्पष्ट लिहिते: 'प्रत्यक्षात यापेक्षा हिरवी.'

या वर्षात रंगाची माझी सगळ्यात कडक परीक्षक मात्र घरातच निघाली. सासूबाई ८१ वर्षांच्या. फेब्रुवारीत त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डाव्याचं महिन्याने व्हायचं होतं. मधल्या काळात त्या आयपॅडसमोर बसून एकदा हा डोळा झाकत, एकदा तो. "या डोळ्याने निळी, या डोळ्याने शेवाळी. अगं, यातली खरी कुठली?" वयानुसार डोळ्यातलं भिंग पिवळट होत जातं आणि निळा आधी गाळला जातो. नवीन भिंग बसलं की निळा परत येतो. त्यांनी कपाटातून स्वतःची जुनी इंदुरी काढली आणि म्हणाल्या, "ही मी वीस वर्षं करडी समजत होते." मग पुढचे चार दिवस माझ्या सगळ्या फोटोंवरून त्यांची नजर फिरली. तीन फोटो त्यांनी नापास केले. तिन्ही निळ्यातले, आणि तिन्ही मला बरोबर वाटलेले. मी ५६ ची आहे. चष्म्याच्या डॉक्टरांना सांगायचं राहिलंय.

यंदाच्या श्रावणात ४४ साड्या गेल्या, ३ परत आल्या. एकीला काठ रुंद वाटला, एकीच्या मुलीने आधीच दुसरी घेतली होती, आणि एक रंगावरून. मोरपंखी. खाली लिहिलेलं वाचलं नव्हतं.

तेव्हा आयपॅड एअर घ्यावा का? रंगाशी पोट बांधलेलं असेल, माल लालात असेल आणि हलकं काही हवं असेल तर घ्या. निव्वळ घरच्या फोटोंसाठी जास्तीचे पैसे घालवू नका. लॅपटॉपच हवा असेल तर खोक्यावर १०० टक्के एसआरजीबी लिहिलेलं बघा, त्याखाली उतरू नका. 'डेल्टा ई २ पेक्षा कमी' असंही कुठे कुठे लिहितात, म्हणजे दाखवलेला रंग आणि खरा रंग यांतला फरक साध्या डोळ्याला जेमतेम कळेल एवढाच. नुसती टक्केवारी लिहिली असेल तर ती कशाची हे विचारा, एनटीएससीचे ७२ आणि एसआरजीबीचे १०० साधारण एकच. आणि काहीही घेण्याआधी ज्या कापडाचा रंग तुम्हाला झोपेतही ओळखता येईल त्याचा तुकडा पिशवीत टाका.

जुना लॅपटॉप टाकलेला नाही. हिशोब त्यावरच लिहिते. तोट्याचे आकडे लाल रंगात येतात, पण त्यावर ते टोमॅटोसारखेच दिसतात, त्यामुळे तोटा जरा सोसवतो.